सोबत मुलगाच हवा, असं कुठं आहे?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"ताई, माझं वय ६१. बँकेतून निवृत्त झालेय, यजमान नाहीत. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, बिल्डिंगला लिफ्ट नाही. पाळी बंद होऊन दहा वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात दोनदा अंगावरून रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पिशवी बघून तुकडा तपासायला पाठवायचं ठरवलंय. थोडा वेळ भूल देणार, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. दवाखाना रेल्वे लाइन्सला आहे. सिस्टर म्हणाल्या, सोबत माणूस पाहिजे, नाहीतर घेणार नाही. मुलगा पुण्यात, सुनेला आठवा महिना. त्याला कळलं तर सगळं टाकून धावत येईल. शेजारच्या वहिनींना सांगावं तर दिवेलागणीपर्यंत सगळ्या सोसायटीला कळेल, आणि हे असलं बाईचं दुखणं. नेहमीचे रिक्षावाले मामा फार विश्वासाचे आहेत. 'मुलगा खाली गाडी लावतोय' असं दवाखान्यात सांगितलं आणि मामांच्या रिक्षातून घरी आले, तर चालणार नाही का? आजवर सगळ्यांच्या दवाखान्याला मी गेले, नणंदेच्या मोतीबिंदूला तर मुक्कामाला होते. स्वतःसाठी कुणाला सांगायला मात्र जीभ रेटत नाही. – नाव छापू नये."

ताई,

मामांच्या रिक्षातून खुशाल या. एकट्या येऊ नका, आणि मुलगा खाली आहे हे तर मुळीच सांगू नका. का ते पुढे लिहितेच. पण त्याआधी एक सांगते. सोबत जमत नाही म्हणून ही तपासणी पुढं ढकलायची नाही. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं की ते तपासायचं असतं, एकदाच दिसलं असलं तरी आणि डागापुरतं असलं तरी. बहुतेक जणींत कारण साधं निघतं. आतलं अस्तर पातळ पडलेलं असतं, नाहीतर छोटा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब असतो. काही थोड्या जणींत मात्र तो पिशवीच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो, आणि लवकर सापडला तर त्यावर चांगले उपचार होतात. सुनेचं बाळंतपण होऊन जाऊ दे, मग बघू, असं मनात असेल तर ते काढून टाका. एकदा का तुम्ही बाळंतपणाला पुण्याला गेलात की बारसं, मालिश, बाळाची लस यांत तीन महिने कुठं गेले ते कळणार नाही. त्याआधीच उरकून घ्या.

आता भुलीचं. अशा छोट्या तपासणीला शिरेतून जी औषधं देतात ती लवकर उतरतात. अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही डोळे उघडून बोलू लागाल, आणि फसगत होते ती इथंच. बोलणं आधी परत येतं. तोल, अंदाज, आठवण मागाहून रेंगाळत येतात. डे-केअर वॉर्डात काम केलेल्या एका सिस्टरनी सांगितलेली गोष्ट आहे. एक मुख्याध्यापिका होत्या, भूल उतरलेली, बीपी उत्तम. "मी अगदी बरी आहे" म्हणत उठल्या, निऱ्या स्वतःच्या हातानं नीट घातल्या, मेडिकलवाल्याचे सुटे पैसेसुद्धा बरोबर मोजून घेतले. आणि चालायला लागल्या त्या एका पायात स्वतःची चप्पल अन् दुसऱ्या पायात शेजारच्या कॉटवरच्या बाईंची घालून. त्याच्या आधी डॉक्टरांनी त्यांना आत काय दिसलं ते समजावून सांगितलं होतं, यांनी मान डोलावून प्रश्नही विचारले होते. दुसऱ्या दिवशी बाईंचा वॉर्डात फोन, जरा रागातच: "डॉक्टर मला भेटलेच नाहीत, हे कसं?" भुलीच्या आधी मन शांत राहावं म्हणून मिडाझोलामसारखं औषध देतात. त्याच्या अमलात झालेलं बोलणं डोक्यात उमटतच नाही. त्यात बाईंचा काही दोष नव्हता.

म्हणूनच भुलीनंतर २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, आणि घरात एकटं राहायचं नाही असं सांगतात. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला काय वेगळं सांगायचं. त्या दिवशी चेक नाही, मोबाइलवरून पैसे पाठवणं नाही, आणि "मॅडम, केवायसी अपडेट करा" म्हणणाऱ्याचा फोन तर उचलायचाच नाही.

तर समजा, तुम्ही वेळ मारून नेलीत. संध्याकाळी सिस्टर म्हणणार, "तुमच्या माणसाला बोलवा, कागद समजावून द्यायचेत." माणूस नाही म्हटल्यावर त्या तुम्हाला सोडणार नाहीत. रात्रभर ठेवून घेतील, खोलीचं भाडं लागेल, आणि ऐनवेळी ओशाळं व्हायचं ते वेगळंच. हा झाला बरा शेवट. वाईट शेवट म्हणजे गर्दीच्या घाईत कुणी विचारलंच नाही आणि तुम्ही घरी पोचलात. दोन मजले चढून वर. दाराला सवयीनं आतून कडी. रात्री लघवीला उठलात, चक्कर आली आणि बाथरूममध्ये पडलात, तर सकाळी दूधवाला बेल वाजवून निघून जाईपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही. मला भीती दवाखान्याच्या दारापासून तुमच्या दारापर्यंतची नाही, त्या कडीनंतरची आहे.

मामांबद्दल तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं असणार. पण ते रिक्षा चालवत असताना त्यांची पाठ तुमच्याकडे असते. तुम्हाला मळमळलं, तुम्ही एका बाजूला कलंडलात, तर सात रस्ता चौकाच्या गर्दीत त्यांना आधी कळणार कसं? वॉर्डात येऊन तुमचे कागद समजून घेणं, रात्री तुमच्याकडे थांबणं हे त्यांना सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही ते आवडणार नाही. तेव्हा मामा वाहनाला ठेवा आणि मागच्या सीटवर तुमच्या शेजारी एक बाई बसवा. (इतर वाचकांसाठी: स्कूटरवर मागं बसून तर अजिबात यायचं नाही, साडी नेसून एका बाजूला पाय सोडून तर नाहीच. आणि १०८ ही तातडीच्या वेळची गाडी आहे, घरी सोडायची नाही.)

ती बाई कोण, हा तुमचा खरा प्रश्न. दवाखान्याला नातं नको असतं. त्यांना १८ वर्षांवरचं, शुद्धीवरचं, फोन उचलणारं, सांगितलेलं ऐकून लक्षात ठेवणारं माणूस लागतं. मैत्रीण चालते, जुनी सहकारी चालते, भाचीची जाऊसुद्धा चालते. आणि हे सगळं एकाच माणसानं करायला हवं असंही नाही. आपण मनात "सोबत" म्हणून एक भला थोरला डोंगर उभा करतो आणि मग तो कुणाच्या डोक्यावर द्यायचा म्हणून गप्प बसतो. त्याचे तुकडे करा. सकाळी पोचवायला कुणीही चालेल. दुपारी वॉर्डात हजर राहून घरी आणायला एक जण. रात्री झोपायला दुसरी. तुमच्या बँकेतल्या निवृत्त मंडळींत, भिशीत किंवा भजनी मंडळात यातली एक तरी नक्की आहे. तिला फोन करून मोघम "जरा येशील का" म्हणू नका, वेळ सांगा: "गुरुवारी साडेसातला माझ्यासोबत दवाखान्यात चल. मला एक छोटी तपासणी भूल देऊन करायचीय. चारपर्यंत मला घरी आणून सोड, मी थोडं खाल्लं की तू मोकळी." एवढं नेमकं सांगितलं की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं, आणि नाही म्हणायचं असेल तर तेही. नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरीला लावा. आणि पहिलीनं हो म्हटलं तरी दुसरीच्या कानावर घालून ठेवा, कारण ऐनवेळी नातवाला ताप येतो. नणंदेच्या मोतीबिंदूला तुम्ही मुक्काम ठोकलात तेव्हा तुम्हाला ते ओझं वाटलं होतं का? भीड भिकेची बहीण, ताई.

रात्रीसाठी मला तुमच्या शेजारच्या वहिनीच दिसतात. हसू नका. ज्यांना सगळ्या बिल्डिंगची खबर असते त्यांना कुणाच्या घरात रात्री भांडं पडलं तेही ऐकू येतं. त्यांना झोपायला बोलवा, किंवा त्यांची कॉलेजातली मुलगी असेल तर तिला पाठवायला सांगा. तेही नको असेल तर दुसऱ्या मैत्रिणीला मुक्कामाला ठेवा आणि वहिनींकडे फक्त जादा किल्ली द्या. त्या विचारणारच, "काय झालंय ओ ताई?" त्यावर उत्तर ठरवून ठेवा आणि दर वेळी तेच द्या: "पोटाची तपासणी आहे, भूल देणारेत, डॉक्टरांनी रात्री एकटं राहू नको सांगितलंय." यात एक अक्षरही खोटं नाही. लोक चघळतात ते अर्धवट लपवलेलं. एकदा साधं उत्तर मिळालं की ते पुढच्या विषयाकडे वळतात.

मात्र जी तुमच्याजवळ रात्री राहणार, तिला थोडं जास्त सांगावं लागेल. कसली तपासणी, का, हे नाही सांगितलंत तरी चालेल. कशाकडे लक्ष ठेवायचं हे सांगायलाच हवं. थोडं रक्त जाणं आणि पाळीसारखं ओटीपोट दुखणं एक-दोन दिवस चालतं, त्याला घाबरायचं नाही. पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं आणि पुढच्या तासालाही तेच झालं, गोळी घेऊनही पोटात कळ वाढत गेली, ताप १०० च्या वर चढला, उलट्या थांबेनात, संध्याकाळ उलटली तरी लघवी झाली नाही, तर दवाखान्याला फोन. घेरी येऊन पडलात किंवा धाप लागली तर सरळ १०८. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी ठेवा. "रक्त" हा शब्द लिहायला संकोच वाटत असेल तर तो एका रात्रीपुरता बाजूला ठेवा.

डॉक्टरीणबाईंनाही आधीच सांगून ठेवा: माझ्यासोबतच्या बाईंना फक्त पुढची काळजी सांगा, आत काय दिसलं ते मला उद्या फोनवर सांगा. हे मागणं तुमच्या हक्काचं आहे. तुमच्या परवानगीशिवाय तुमचं निदान दुसऱ्याला सांगायचं नसतं, मग तो मुलगा का असेना.

सहीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की तीही धास्ती मनात असेल. बऱ्याच दवाखान्यांत फॉर्मवर "नातेवाईकाची सही" अशी ओळ असते. साक्षीदार म्हणून तिथं मैत्रीण सही करू शकते. संमती मात्र तुमचीच. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या तपासणीला नवऱ्याची किंवा मुलाची परवानगी कायद्यानं लागत नाही. उलट २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात हे फार स्पष्ट केलंय. त्या प्रकरणात बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले होते. बाईंचा जीव धोक्यात नव्हता, शुद्धीवर आल्यावर त्यांनाच विचारता आलं असतं, तेव्हा आईची संमती चालणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणून फॉर्म आदल्या दिवशी मागून घ्या, चष्मा लावून वाचा. आत पॉलिप दिसला तर तो तेव्हाच काढायचा का, हेही आधीच बोलून ठेवा.

मुलाला सांगायचं की नाही? मी सांगितलं असतं. त्याला बोलावून घेणं आणि त्याला कळवणं या दोन गोष्टी तुम्ही एकत्र बांधल्यात. तारीख आणि माणसं ठरली की मग फोन करा: "अमुक दिवशी तपासणी आहे, सोबतीला अमुक आहे, तू यायचं नाहीस. दर तीन तासांनी फोन कर, आणि विम्याचं तेवढं बघ." पोरांना काहीतरी काम दिलं की ती धावत सुटत नाहीत. शिवाय पुणं काही परदेशात नाही. संध्याकाळच्या गाडीत बसला तर रात्री उशिरा सोलापुरात असतो, तेव्हा गरज पडलीच तर येईल. मागाहून कुणाकडून तरी त्याला कळलं, तर मात्र पुढची पाच वर्षं तुमच्या साध्या सर्दीवरही त्याचा विश्वास बसणार नाही.

आणि खरंच कुणी जमलं नाही तर? डॉक्टरीणबाईंना विचारा की माझ्या बाबतीत भूल न देता काम होईल का. आतल्या अस्तराचा नमुना बारीक नळीनं ओपीडीतच घेता येतो. काही ठिकाणी बारीक दुर्बिणीची तपासणीही भूल न देता किंवा तेवढीच जागा बधिर करून करतात. दुखतं, पण काही मिनिटं. गुंगीचं औषधच दिलं नाही तर सोबतीची सक्तीही तेवढी उरत नाही. तुमच्या तपासणीला ते पुरेल का हे त्याच ठरवू शकतील, पण विचारल्याशिवाय त्या आपणहून सांगतीलच असं नाही. दुसरा मार्ग म्हणजे सरळ एक रात्र दवाखान्यात राहायचं. सगळ्यांत बिनघोर. मात्र डे-केअरचा खर्च विम्यातून मिळत असला तरी "सोबत नव्हती म्हणून राहिले" या कारणाची जादा रात्र कंपनी मान्य करीलच असं नाही, तेव्हा दवाखान्यातल्या विम्याच्या टेबलावर दोन-तीन दिवस आधी विचारा. तिसरा मार्ग, रुग्णसेवेची माणसं पुरवणारे ब्युरो. बारा-बारा तासांच्या पाळीवर बाई मिळते. दवाखान्याच्या ओळखीतलाच ब्युरो घ्या, आधारकार्डाची प्रत मागा, दागिने त्या दिवशी घरात नकोत. सिव्हिलमध्ये उपचार घेणाऱ्या एकट्या बायकांनी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावं. अशा अडचणींत वाट काढणं हे त्यांचं कामच असतं.

राहिला तो दिवस. तारीख घेताना दोन गोष्टी बघा. एक, मिरवणुका. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत नंदीध्वज निघतात तेव्हा, किंवा नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ असतो तेव्हा रस्ते बंद होतात, आणि मामांना गल्लीबोळांतून खड्डे खात तुम्हाला आणावं लागेल. दुसरी, नळाला पाणी यायचा दिवस. हे दवाखान्याचा कुठलाच कागद सांगणार नाही, पण मला सोलापूरच्या बायका माहीत आहेत. नळ आला की भूल गेली चुलीत! पदर खोचून बादल्या उचलणार, टाकी भरली का बघायला गच्चीवर जाणार. तो दिवस टाळा, नाहीतर भरायचं काम आधीच दुसऱ्याकडे द्या. सकाळचा पहिला नंबर मागा. उन्हाळा असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. उपाशी पोटी भूल, आणि वर भर दुपारी एसीतून ४२ डिग्रीत बाहेर यायचं म्हणजे धडधाकट माणसालाही भोवळ येईल. उपाशी राहायची वेळ दवाखाना लिहून देईल ती पाळा, आणि दुधाचा चहा हा पाण्यात धरत नाहीत हे लक्षात ठेवा. पहाटेचा अर्धा कप चहासुद्धा तपासणी रद्द करायला पुरतो. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर त्या सकाळी काय करायचं ते भूलतज्ज्ञांना विचारा.

घरी आल्यावर जिना मैत्रिणीचा हात धरून, प्रत्येक वळणावर थांबून. पहिलं खाणं मऊ भात आणि ताक, शेंगाची चटणी-कडक भाकरी परवा. बाथरूमची कडी लावायची नाही. समोरच्या दाराला फक्त लॅच ठेवा, म्हणजे वहिनींची किल्ली चालेल. झोपेची गोळी घ्यायची सवय असेल तर त्या रात्री डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता दवाखान्याला फोन करून तीन गोष्टी विचारा: नातेवाईक नसलेली मैत्रीण चालेल का, रात्री फोन लागेल असा नंबर कोणता, आणि माझी तपासणी भूल न देता होऊ शकते का. दुपारी बारानंतर करा. सकाळी राउंड चालू असतो, सिस्टर नीट बोलत नाहीत.